जुन्या नियमाने आत आलेले

बंगळुरूत व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतच्या कचेऱ्यांत एक काम दिवसरात्र चालू असते. ते इतके नित्याचे आहे की करणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमचे नियम त्याला बंद न करता बदलायचे, हे ते काम. नियमांच्या या यादीला कॉन्फिगरेशन म्हणतात: कोणत्या दाराने लोकांना आत घ्यायचे, एका वेळी किती जणांना सामावायचे, किती वेळ वाट पाहायची, कोणाला परत पाठवायचे. प्रोग्रॅम सुरू होताना ही फाईल एकदा वाचतो, स्मृतीत ठेवतो आणि कामाला लागतो. त्यानंतर फाईलमध्ये कोणी काहीही बदलले तरी त्याला पत्ता नसतो. तो जुन्याच नियमांनी वागत राहतो. नवे नियम लागू करण्याचे सर्वसाधारणपणे दोन मार्ग आहेत. त्याला बंद करून पुन्हा सुरू करायचे, म्हणजे रीस्टार्ट. किंवा तो चालू असतानाच 'फाईल पुन्हा वाच' असे सांगायचे, म्हणजे रीलोड.

युनिक्सच्या जगात हे सांगण्यासाठी जो संकेत वापरतात त्याचे नाव 'हँगअप', म्हणजे फोन खाली ठेवणे. टर्मिनल टेलिफोनच्या तारेने जोडलेले असे त्या काळात तार तुटली की प्रोग्रॅमला हा संकेत जाई: पलीकडचा माणूस गेला, तूही आवर. पुढे पार्श्वभूमीवर चालणारे, कोणत्याही टर्मिनलला न बांधलेले प्रोग्रॅम आले. त्यांची तार तुटण्याचा प्रश्नच नव्हता. मग पडून राहिलेला हा संकेत 'नियम पुन्हा वाच' या अर्थाने वापरण्याचा प्रघात पडला. संपण्याची खूण बदलण्याची खूण झाली.

या साध्या क्रियेत एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो दिसण्यासाठी एखादा चांगला वेब सर्व्हर, उदाहरणार्थ एन्जिनएक्स, रीलोड कसा करतो ते पाहावे. त्यात एक मुख्य प्रोसेस असते आणि तिच्या हाताखाली काही कामकरी प्रोसेस असतात. संकेत मिळाला की मुख्य प्रोसेस नवी फाईल आधी तपासते. फाईलमध्ये चूक असेल तर काहीच बदलत नाही; जुना कारभार जसाच्या तसा चालू राहतो. फाईल ठीक असेल तर नवे कामकरी उभे राहतात आणि नवीन येणाऱ्यांना ते नव्या नियमांनी आत घेतात. जुन्या कामकऱ्यांना सांगितले जाते की आता नवीन कोणाला घेऊ नका, पण तुमच्याकडे जे आधीच आले आहेत त्यांचे काम पुरे करा आणि मग जा. म्हणजे काही काळ एकाच यंत्रात दोन नियम नांदतात. जो जुन्या नियमाने आत आला त्याला जुन्याच नियमाने वाढले जाते.

हे ज्यांनी लिहिले त्यांचा हेतू व्यावहारिक होता: चालू जोडण्या तुटू नयेत. पण माणसांच्या व्यवहारात हाच प्रश्न आला की आपण त्याला न्यायाचा प्रश्न म्हणतो. नियम बदलण्याचा अधिकार आपण गृहीत धरला, तरी आधीच्या नियमावर विसंबून जो आत आला आहे, निम्म्या वाटेत आहे, त्याचे आपण काय देणे लागतो?

हा प्रश्न बंगळुरूच्या रस्त्यावर रोज भेटतो. ॲपवर टॅक्सी चालवणारा किंवा घरोघरी जेवण पोचवणारा माणूस दिसायला स्वतंत्र असतो, पण त्याचे सगळे नियम दूरच्या सर्व्हरवरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतात. किलोमीटरला किती, किती फेऱ्यांनंतर बोनस, किती वेळा नकार दिला की खाते गोठणार, हे सारे तिथे लिहिलेले. त्याने गाडी घेतली ती एका दराचा हिशेब मांडून. हप्ता ठरला, मुलांची फी ठरली, गावी पाठवायचे पैसे ठरले. एका पहाटे दर बदलतो. ॲप बंद पडले नाही, पुन्हा सुरू करावे लागले नाही, कोणती घंटा वाजली नाही. अभियंत्याच्या दृष्टीने हा उत्तम रीलोड आहे: एक सेकंदही खंड नाही. चालवणाऱ्याच्या दृष्टीने पायाखालचा रस्ता सरकला आहे, आणि गाडीचा हप्ता मात्र जुन्याच तारखेला, जुन्याच आकड्याने कापला जाणार आहे. त्याचे कर्ज रीलोड होत नाही.

खंड न पडणे हा गुण कोणाच्या बाजूचा आहे, हे इथे दिसते. रीस्टार्टमध्ये गैरसोय असते, पण ती सगळ्यांना कळते. दुकानाचे शटर खाली येते, लोक विचारतात काय झाले. रीलोड शांतपणे होतो. बदल ज्याच्या हातात आहे त्याला ही शांतता सोयीची, आणि बदल ज्याच्यावर येतो त्याच्याकडून ती दाद मागण्याचा क्षण काढून घेते. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी जो कायदा केला त्यात कल्याण निधीबरोबर एक साधी तरतूद आहे: कराराच्या अटी बदलायच्या तर किमान १४ दिवस आधी कामगाराला कळवले पाहिजे. राजस्थानने २०२३ मध्ये देशात पहिला असा कायदा केला होता, त्यानंतर हा. चौदा दिवस ही काही मोठी मुदत नाही. पण तिच्यामुळे कायद्याने एक गोष्ट मान्य केली: यंत्राला क्षणात जमते म्हणून माणसावर क्षणात लादता येत नाही.

पूर्वसूचना हे पहिले देणे झाले. दुसरे देणे, जुन्यांना जुन्या नियमाने पुरे करू देणे, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी, सैन्यदले वगळून, नवी निवृत्तिवेतन योजना आणली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून, कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून. त्याआधी लागलेल्यांना जुने, शेवटच्या पगाराशी बांधलेले पेन्शन कायम राहिले. वेब सर्व्हर जे करतो तेच: नव्यांना नवा नियम, जुन्यांना जुना. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच काम करणाऱ्या दोघांचे म्हातारपण वेगवेगळ्या कायद्यांखाली गेले. मार्च २००६ मध्ये लागलेला आणि एप्रिलमध्ये लागलेला यांच्यात गुणांचा काही फरक नव्हता. तरीही जुन्यांना दिलेला शब्द मोडला नाही, हे या व्यवस्थेच्या बाजूने म्हणता येते. नव्यांचे म्हणणे वेगळे होते, आणि मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो कर्मचारी संपावर गेले तेव्हा ते रस्त्यावर ऐकू आले.

या प्रकरणात एक बारीक प्रश्न उभा राहिला. जाहिरात जुन्या नियमाच्या काळात निघाली, अर्ज तेव्हाच भरला, परीक्षा दिली, पण कागदी दिरंगाईमुळे रुजू व्हायला नवी तारीख उजाडली. असा माणूस कोणत्या नियमाचा? तो आत आला कधी? दार ठोठावले तेव्हा, की उंबरा ओलांडला तेव्हा? यंत्रात याचे उत्तर स्वच्छ आहे: जोडणी ज्या कामकऱ्याने स्वीकारली त्याचा नियम. माणसांत ते इतके स्वच्छ नाही, कारण माणूस उंबरा ओलांडण्याआधीच बेत करतो, दुसरी नोकरी सोडतो, घरी सांगतो. अनेकांनी न्यायालये गाठली आणि शेवटी मार्च २०२३ मध्ये केंद्राने अशांना जुन्या पेन्शनचा एकदाच निवडायचा पर्याय दिला. २२ डिसेंबर २००३ रोजी नव्या योजनेची अधिसूचना निघण्यापूर्वी ज्यांच्या पदांची जाहिरात झाली होती त्यांना. उशीर झाला, पण विसंबण्याची सुरुवात उंबऱ्याच्या बाहेर होते हे सरकारने मान्य केले.

जिथे ही काळजी कमी पडते तिथे काय होते त्याचे उदाहरण ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीचे आहे. त्या रात्री देशाची अप्रत्यक्ष करव्यवस्था बदलली. दुकाने बंद करून नव्याने उघडायची नव्हती. रात्री बारापर्यंत एक कर आणि त्यानंतर दुसरा. दुकानाच्या फळीवर जो माल पडून होता त्यावर जुना कर भरलेला होता. तो नव्या खात्यात वळता व्हावा म्हणून 'ट्रान-१' नावाचा अर्ज ठेवला होता. म्हणजे जुन्या जोडण्या पुऱ्या करण्याची सोय कायद्यात होती. ती ज्या पोर्टलवर करायची होती त्याचे काम बंगळुरूच्या इन्फोसिसकडे होते, आणि पहिल्या महिन्यांत अडचणी इतक्या आल्या की त्या पाहण्यासाठी मंत्रिगट नेमावा लागला; त्याची पहिली बैठक सप्टेंबर २०१७ मध्ये याच शहरात झाली. ट्रान-१ ची मुदत वाढत वाढत २७ डिसेंबर २०१७ वर येऊन थांबली. ज्यांचा अर्ज अडकला, चुकला किंवा राहिला, त्यांचे आधीच भरलेले पैसे अधांतरी राहिले. देशभरच्या उच्च न्यायालयांत याचिका गेल्या. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार पुन्हा उघडायला सांगितले आणि ते १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ उघडे राहिले. एका रात्रीच्या बदलातल्या तुटलेल्या जोडण्या पुन्हा जोडायला पाच वर्षे लागली. एवढ्या काळात छोट्या व्यापाऱ्याचे खेळते भांडवल कुठे अडकून राहिले असेल, हे व्यापार करणाऱ्याला सांगायला नको.

आता वेब सर्व्हर जी तपासणी आधी करतो तिच्याकडे वळू. नवी फाईल तपासली जाते, पण तपासले जाते ते व्याकरण. कंस जुळले का, शब्द बरोबर आहेत का, नमूद केलेली कागदपत्रे जागेवर आहेत का. नवा नियम शहाणपणाचा आहे का, ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना तो मान्य आहे का, हे ती तपासणी विचारत नाही. राज्यांचे आणि संस्थांचे बरेच रीलोड असेच असतात: ठराव रीतसर, सही रीतसर, राजपत्र रीतसर. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. बँगलोरचे बंगळुरू झाले, आणि हे शहर चालता चालताच नव्या नावात शिरले. इथल्या माणसाच्या तोंडी ते नाव आधीपासून होतेच. त्याच यादीत बेळगावचे बेळगावी झाले. तिथल्या मराठी माणसाच्या तोंडी ते नाव नव्हते. फाईल एक, तारीख एक, व्याकरण निर्दोष. एका ठिकाणी लोकांच्या बोलण्याला कागदाने मान्यता दिली, दुसऱ्या ठिकाणी बऱ्याच लोकांच्या बोलण्याविरुद्ध कागद गेला. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन्ही गोष्टी एकदम दिसतात, आणि बंगळुरूचा आनंद खरा मानून बेळगावची खंतही खरी मानावी लागते. फाईलवर लिहिण्याची परवानगी असणे आणि लिहिण्याचा नैतिक अधिकार असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

इथवर मी जुन्या नियमाने आत आलेल्यांची बाजू मांडली. पण ती बाजू नेहमीच दुबळ्याची नसते. जुन्या नियमाखाली सिंहासनावर बसलेलेही 'आम्ही विसंबून होतो' असेच म्हणतात. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना तनख्यांचा शब्द दिला होता, तो घटनेत लिहिला होता. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते तनखे बंद केले. शब्द मोडला गेला यात शंका नाही. तरीही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जुन्या नियमाने वाढत राहणे समानतेच्या राज्याला शोभले असते असे फार थोडे लोक म्हणतील. यंत्रांनाही ही अडचण ठाऊक आहे. काही जोडण्या संपतच नाहीत; तासन्‌तास उघड्या राहतात आणि त्यांच्यासाठी जुना कामकरी जिवंत ठेवावा लागतो. म्हणून मुदत ठरवून देण्याची सोय असते: एवढ्या वेळात संपले नाही तर तोडा. सवलतीला शेवट नसेल तर बदल कधी झालाच नाही असे होते.

आपल्याकडे जातीच्या प्रश्नात नेमके हेच झाले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. फाईल बदलली. पण खेड्यातल्या पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, घराच्या ओसरीवर जो प्रोग्रॅम चालू होता त्याने ती वाचली का? तो शतकांपूर्वी स्मृतीत घेतलेल्या नियमांनीच चालत राहिला, आणि कागदाकडे बोट दाखवून काही होईना. १९५५ मध्ये शिक्षेचा कायदा करावा लागला. तो एका अर्थी 'पुन्हा वाच' असा संकेत होता. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की संविधानिक नीती आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते. लिहिलेला नियम आणि चालू असलेला नियम यांतल्या अंतराविषयी त्यांना भ्रम नव्हता.

सुधारणेच्या बाजूने बोलणारे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे लोक समाजाला चालू ठेवूनच बदलू पाहत होते. कोरी पाटी कोणालाच मिळत नाही, अर्धवट लिहिलेले वाक्य पुढे न्यायचे असते, असा त्यांचा कल होता. व्हिएन्नाच्या ओटो नॉइराथ या तत्त्वज्ञाने ज्ञानाविषयी असेच चित्र काढले: भर समुद्रात आपलीच नाव दुरुस्त करणारे खलाशी, ज्यांना गोदीत जाऊन ती नव्याने बांधता येत नाही. या विचारात मोठे शहाणपण आहे. पण नावेच्या तळाशी कोण आहे आणि डेकवर कोण, हे नॉइराथच्या चित्रात दिसत नाही. 'हळूहळू' हा सल्ला डेकवरच्याला सोसतो.

आंबेडकरांनीही आधी रीलोडच करून पाहिला. १९२७ मध्ये महाडचे तळे, १९३० मध्ये नाशिकचे काळाराम मंदिर. त्याच समाजाला त्याचेच नियम बदलायला सांगणे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे ही घाई नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा होता की काही गोष्टी चालू प्रोग्रॅममध्ये बदलता येत नाहीत, कारण त्या त्याच्या रचनेतच आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही मर्यादा परिचयाची आहे. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये कोणता नियम रीलोडने बदलतो आणि कोणता फक्त रीस्टार्टने, हे प्रत्येक नियमापुढे स्पष्ट नोंदलेले असते. समाजाच्या नियमांपुढे अशी नोंद नसते. ती अनुभवाने, बहुधा फार किंमत देऊन, कळते.

रीस्टार्टचीही किंमत असते. दीक्षा घेतलेल्यांच्या हातून केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती निसटल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे जोडणी तुटलेली राहिली. ज्यांनी ती तुटणार हे जाणून दीक्षा घेतली त्यांच्या निर्णयाचे वजन यावरून कळते.

उलट दिशेचा धडा घटनेनेच दिला आहे. ती शंभराहून अधिक वेळा दुरुस्त झाली आणि एकदाही बंद करून सुरू करावी लागली नाही. पण २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसद घटनेत बदल करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. काय रीलोड होते आणि काय नाही, ही नोंद त्या दिवशी उशिरा का होईना घटनेपुढे लागली.

मग जुन्या नियमाने आत आलेल्यांपैकी कोणाला पुरे करू द्यायचे आणि कोणाची मुदत संपवायची, हे कशावर ठरवायचे? मला एक कसोटी पुरेशी वाटते. जुन्या नियमावर विसंबून माणसाने काय उभे केले, हे पाहावे. डिलिव्हरी करणाऱ्याने दराच्या भरवशावर संसार उभा केला, कारकुनाने पेन्शनच्या भरवशावर कमी पगारात उमेद घालवली, दुकानदाराने कर भरून माल भरला. त्यांनी आपले आयुष्य त्यात घातले. ते परत घेता येत नाही. त्यांना सूचना, मुदत आणि जुन्या शब्दाची पूर्तता द्यावी लागते. ज्याने जुन्या नियमाखाली दुसऱ्याला पाणवठ्यापासून दूर ठेवले त्याने त्या नियमात स्वतःचे काही घातले नाही. फक्त दुसऱ्याचे घेतले. त्याला पुरे करू देण्यासारखे काही उरत नाही. पहिल्याच्या विसंबण्याला हक्क म्हणावे, दुसऱ्याच्या विसंबण्याला सवय. बहुतेक प्रकरणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात, आणि तिथे मुदत किती द्यायची हा खरा वाद असतो. तो वाद उघडपणे व्हावा एवढे तरी मागता येते.

शेवटी एक गोष्ट राहते. रीलोडचा आदेश देणारा हात सहसा जोडणीच्या पलीकडच्या टोकाला नसतो. दर बदलणारा त्या दराने गाडी चालवत नाही. तारीख ठरवणारा त्या तारखेनंतर रुजू होत नाही. म्हणून यंत्राला बिनचूक जमणारी गोष्ट, म्हणजे आत असलेल्यांची आठवण ठेवणे, माणसांना कायदा करून, चौदा दिवसांची मुदत लिहून, न्यायालयाकडून दार उघडवून शिकवावी लागते. ज्याच्या हातात फाईल आहे त्याने बदल करण्यापूर्वी एवढेच विचारावे: या क्षणी आत कोण आहे, आणि ते कशावर विसंबून आले?